रंगसंबंध आणि भाववृत्ती : व्हॅन गॉगच्या उमेदवारीची आठ वर्षे

१

चित्रातील रंग भाववृत्ती कशी व्यक्त करतो, या प्रश्नाला प्रामुख्याने दोन प्रकारची उत्तरे दिली गेली आहेत. पहिले उत्तर संकेताचे आहे. विशिष्ट रंगाशी विशिष्ट भाव निगडित असतो. चित्रकाराने तो जाणून घ्यावा आणि योग्य ठिकाणी योजावा, असे हे उत्तर सांगते. भरताच्या नाट्यशास्त्रात रसांचे वर्ण दिलेले आहेत : शृंगार श्याम, हास्य सित, करुण कपोतवर्ण, रौद्र रक्त, वीर गौर, भयानक कृष्ण, बीभत्स नील आणि अद्भुत पीत. ही योजना नाट्यप्रयोगाच्या संदर्भातली आहे, हे विसरले की तिला सार्वत्रिक कोशाचे रूप येते. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला शिकवली जाणारी उष्ण आणि शीत रंगांची विभागणी हीसुद्धा अशाच कोशाची सोपी आवृत्ती म्हणून पुष्कळदा वापरली जाते. तांबडा म्हणजे क्षोभ, निळा म्हणजे शांती किंवा उदासी, पिवळा म्हणजे उल्हास, ही समीकरणे विद्यार्थ्याच्या मनात फार लवकर घर करतात.

दुसरे उत्तर स्वायत्ततेचे आहे. मराठीत त्याची सर्वांत आग्रही मांडणी बा. सी. मर्ढेकरांनी केली. चित्राचे द्रव्य रंगरेषांच्या संवेदना हे होय; त्या संवेदनांची संवाद, विरोध आणि समतोल या तत्त्वांनुसार झालेली लयबद्ध रचना म्हणजे चित्राचे सौंदर्य; आणि त्या रचनेतून जागी होणारी सौंदर्यभावना लौकिक भावनांहून वेगळ्या जातीची असते. या भूमिकेनुसार साहित्याच्या द्रव्यात भावनात्मक अर्थ असतो. चित्राच्या द्रव्यात तो नसतो. त्यामुळे चित्रातील रंग दुःखी आहे किंवा शांत आहे असे म्हणणे ही साहित्याची भाषा चित्रावर लादणे ठरते.

या दोन उत्तरांमधील वाद बहुधा सिद्ध आणि मान्यता पावलेल्या चित्रांच्या आधारे चालतो. सिद्ध चित्रात रंग आणि भाव इतके एकजीव झालेले असतात की, त्यांचे नाते निसर्गदत्त होते असेही म्हणता येते आणि तसे काही नातेच नव्हते असेही. शिकणाऱ्या चित्रकाराची स्थिती वेगळी असते. त्याच्यापाशी भाव असतो, रंगही असतात. जुळलेला नसतो तो या दोहोंचा संबंध. संकेताचे उत्तर पुरेसे असते, तर यादी पाठ होताच त्याचे शिक्षण संपायला हवे. स्वायत्ततेचे उत्तर पुरेसे असते, तर भाववृत्तीच्या संदर्भात त्याला शिकण्यासारखे काही उरतच नाही. प्रत्यक्षात मात्र विद्यार्थी चित्रकार नेमके हेच शिकत असतो आणि त्याला त्यासाठी वर्षे लागतात. ती वर्षे कशात जातात हे पाहिले, तर मूळ प्रश्नावरही काही प्रकाश पडू शकतो.

अशा अभ्यासासाठी व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३-१८९०) हे उदाहरण अनेक दृष्टींनी सोयीचे आहे. चित्रकार होण्याचा निश्चय त्याने १८८० मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी केला. म्हणजे तो जाणत्या वयाचा विद्यार्थी होता. कोणत्याही एका संस्थेत तो फार काळ टिकला नाही. त्यामुळे त्याला आपला अभ्यासक्रम आपणच आखावा लागला. आणि भाऊ थिओला व इतरांना लिहिलेली त्याची आठशेहून अधिक पत्रे उपलब्ध असल्यामुळे हा अभ्यासक्रम जवळजवळ महिन्यागणिक तपासता येतो. १८८० ते १८८८ ही आठ वर्षे त्याची उमेदवारीची वर्षे मानता येतील.

२

या उमेदवारीतील पहिली गोष्ट म्हणजे तिच्यात रंग फार उशिरा येतो. आरंभीची वर्षे रेखाटनात गेली. शार्ल बार्गच्या चित्रपाठांवरून त्याने पुन्हा पुन्हा नकला केल्या. १८८१ च्या अखेरीस हेग येथे नात्यातल्या आंतोन माउव्ह या चित्रकाराकडे त्याने जलरंग आणि तैलरंग यांचे पहिले धडे घेतले; पण त्यानंतरही त्याचा मुख्य भर काळ्या-पांढऱ्यावरच राहिला. हा उशीर अकारण नव्हता. रेखाटनातून त्याला माणसाच्या कष्टाची, वाकलेल्या पाठीची, जड पावलांची भाववृत्ती पकडता येत होती. या भाववृत्तीत रंगाने कोणती भर घालायची, हे त्याला अद्याप ठाऊक नव्हते.

१८८३ च्या डिसेंबरात तो न्यूनेन या गावी आईवडिलांकडे राहायला आला. तेथे १८८४ मध्ये त्याने हातमागावरील विणकरांची चित्रे रंगवली आणि त्याच वर्षी शार्ल ब्लाँ या कलासमीक्षकाचे देलाक्रवाच्या रंगयोजनेविषयीचे लेखन वाचले. ब्लाँच्या विवेचनामागे शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाचा रंगविरोधाचा सिद्धांत होता. शेव्रल गोबलँ येथील सरकारी विणकामशाळेत रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळ्या रंगाच्या लोकरीला पुरेसा काळेपणा येत नाही अशी तक्रार आली, तेव्हा दोष रंगात नसून शेजारच्या रंगांत आहे असे त्याच्या लक्षात आले. त्यातूनच १८३९ मधला त्याचा ग्रंथ सिद्ध झाला. तांबडा आणि हिरवा, निळा आणि नारिंगी, पिवळा आणि जांभळा या विरोधी जोड्या शेजारी ठेवल्या तर एकमेकींना उजळतात. मिसळल्या तर एकमेकींना मारतात आणि करडेपणाकडे नेतात, हे त्याचे सार.

हा सिद्धांत विणकामशाळेत जन्माला यावा आणि व्हॅन गॉगने तो विणकरांची चित्रे काढत असताना वाचावा, हा योगायोग अर्थपूर्ण आहे. पैठणीच्या धूपछाव पोतात ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असतो. डोळ्यांना जो रंग दिसतो तो यांपैकी कोणत्याच धाग्याचा नसतो, तो दोहोंच्या नात्यात असतो. रंग हा नात्यात असतो ही जाणीव विणकराला हातानेच होते. व्हॅन गॉगच्या वस्तूंमध्ये लाखेची एक पेटी आहे आणि तिच्यात वेगवेगळ्या रंगांचे लोकरीचे धागे एकत्र गुंडाळून केलेले गुंडे आहेत. रंग कॅनव्हासवर लावण्याआधी त्यांची नाती अशा गुंड्यांवर पारखता येत. यादी पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला अशा पेटीची गरज भासणार नाही.

३

१८८५ च्या एप्रिल-मे महिन्यांत पूर्ण झालेले ‘बटाटे खाणारी माणसे’ हे या पर्वातले महत्त्वाकांक्षी चित्र. एका दिव्याच्या उजेडात शेतकरी कुटुंबातील पाच जण जेवायला बसले आहेत. ज्या हातांनी जमीन उकरली तेच हात आता ताटात जात आहेत, हे त्याला दाखवायचे होते. चेहरे त्याने आधी उजळ मांसल रंगांत रंगवले होते. ते त्याला खोटे वाटले. मग ते त्याने गडद, मळकट रंगांत पुन्हा रंगवले आणि त्या रंगाची तुलना न सोललेल्या, धुळीने माखलेल्या बटाट्याशी केली.

हे पुन्हा रंगवणे हा शिक्षणातला निर्णायक क्षण आहे. पण त्याचे स्वरूप नीट पाहायला हवे. येथे रंगाची निवड विषयाच्या सान्निध्यातून झाली आहे. माणसे मातीत राबणारी, म्हणून त्यांचा रंग मातीचा. विरहाच्या कवितेसाठी संध्याकाळ आणि पावसाळी आभाळ निवडणाऱ्या नवख्या कवीची रीत याहून फार वेगळी नसते. भाव खरा असतो, निवडही चुकीची नसते. पण भावाचा भार रंगाने उचललेला नसतो, तो विषयाने आधीच उचललेला असतो आणि रंग त्याला दुजोरा देतो. चित्रातील मनुष्याकृती बाजूला काढून केवळ रंगांचे पट्टे पाहिले, तर त्यांतून दैन्य, कष्ट किंवा जिव्हाळा यांपैकी काय हाती लागेल हे सांगता येणार नाही.

तरीही या चित्राला निव्वळ संकेताचे चित्र म्हणता येत नाही. त्यातले करडे रंग काळ्यात पांढरा मिसळून केलेले नाहीत; विरोधी रंग एकमेकांत मोडून ते सिद्ध केले आहेत. ब्लाँकडून घेतलेला धडा तेथे पूर्णपणे राबवलेला आहे. मात्र तो प्रक्रियेत आहे, परिणामात फारसा नाही. पाहणाऱ्याला दिसते ती काळपट हिरवट तपकिरी एकसुरी. चित्रकाराला स्वतःलाही हे जाणवले असावे. हे चित्र सोनेरी चौकटीत किंवा पिकलेल्या गव्हाच्या रंगाच्या भिंतीवर लावावे, त्याशिवाय ते नीट दिसणार नाही, असे त्याने थिओला आग्रहाने लिहिले. या सूचनेकडे चित्र लावण्याची व्यावहारिक सूचना म्हणून पाहिले जाते. वस्तुतः ती एका अपुऱ्या शिक्षणाची नोंद आहे. अंधाराला बोलते करण्यासाठी शेजारी सोने हवे, हे विद्यार्थ्याला कळले आहे. ते सोने अजून चित्राबाहेर, चौकटीत आहे.

४

ऑक्टोबर १८८५ मध्ये त्याने अॅमस्टरडॅमच्या रिक्सम्युझियममध्ये रेम्ब्रांट आणि फ्रान्स हाल्स यांची चित्रे पाहिली. हाल्सपाशी काळ्याच्या सत्तावीस छटा असल्याचे त्याने कौतुकाने लिहिले. काळा हा रंग नव्हे असे मानण्याच्या काळात काळ्याच्या छटा मोजणारी नजर कशी घडत होती, हे त्यावरून कळते. त्याच महिन्यात त्याने एका दिवसात एक स्थिरचित्र पुरे केले. त्यात चामडी बांधणीचे जाडजूड बायबल उघडे आहे, शेजारी विझलेली मेणबत्ती आहे आणि पुढच्या बाजूला झोलाच्या ‘जगण्याचा आनंद’ या अर्थाच्या नावाच्या कादंबरीची हाताळून झिजलेली पिवळी प्रत आहे.

या चित्राचा अर्थ बहुधा चरित्राच्या आधारे लावला जातो. धर्मोपदेशक वडील त्याच वर्षी मार्चमध्ये वारले होते. मुलाला आधुनिक फ्रेंच कादंबऱ्या प्रिय होत्या. म्हणून बायबल म्हणजे पिता आणि कादंबरी म्हणजे पुत्र. हा अर्थ चुकीचा आहे असे नाही. परंतु थिओला या चित्राविषयी लिहिताना व्हॅन गॉगने बोलणे केले ते रंगांचेच : काळी पार्श्वभूमी, मळकट पांढरे उघडे पुस्तक, पिवळसर तपकिरी पुढचा भाग आणि लिंबासारख्या पिवळ्याचा एक सूर. हा लिंबू-पिवळा तुकडा चित्रात फार लहान जागा व्यापतो. पण तो झाकून पाहिला तर उरलेले चित्र निर्जीव होते आणि तो दिसताच बायबलची करडी पाने थंड, प्रचंड आणि दूरची वाटू लागतात. दुरावा, आदर आणि अवज्ञा यांची जी संमिश्र भाववृत्ती या चित्रात आहे, ती बायबलच्या करड्यात नाही आणि कादंबरीच्या पिवळ्यातही नाही. त्या दोहोंच्या आकारमानातील आणि तेजातील विषमतेत आहे. ‘बटाटे खाणारी माणसे’ या चित्राच्या चौकटीत असलेले सोने येथे चित्राच्या आत आले आहे.

यानंतरचा टप्पा अभिव्यक्तीच्या रूढ कल्पनांना अडचणीचा आहे. १८८६ च्या आरंभी अँटवर्पच्या कला अकादमीत काही आठवडे काढून व्हॅन गॉग पॅरिसला गेला आणि कोर्मोंच्या चित्रशाळेत काही महिने शिकला. त्या वर्षी त्याने फुलदाण्यांची असंख्य चित्रे केली. नमुन्यासाठी माणसे बसवायला पैसे नव्हते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण त्याने लिव्हेन्स या इंग्रज चित्रकारमित्राला लिहिलेल्या पत्रात दिसते : निळा आणि नारिंगी, तांबडा आणि हिरवा, पिवळा आणि जांभळा या विरोधांचा शोध, तसेच या टोकांमध्ये मेळ घालणाऱ्या मोडलेल्या, मध्यम छटांचा शोध. करडा मेळ नको, तीव्र रंग हवा, हेही तेथे स्पष्ट आहे. पुढे १८८७ मध्ये हिरोशिगेच्या जपानी ठशांच्या तैलरंगात नकला करताना त्याने सपाट, छायाविरहित रंगक्षेत्रांचा अभ्यास केला.

या फुलांच्या चित्रांत कोणती भाववृत्ती आहे, असे विचारले तर बहुतेक चित्रांबाबत उत्तर देता येत नाही. शेतकऱ्यांच्या दुःखाने ज्याचे चित्र भारलेले होते तो चित्रकार वर्षभर पॉपी, शेवंती आणि गुलाब रंगवत बसतो आणि त्यांतून काही म्हणण्याची घाई करत नाही. अभिव्यक्ती म्हणजे अंतःकरणातील भावाचे बाहेर ओसंडणे असेल, तर ही माघार मानावी लागेल. प्रत्यक्षात वाढ येथेच झाली आहे. भावाला काही काळ दूर ठेवल्यामुळे रंगाला दुजोरा देण्याच्या कामातून सुटका मिळाली. रंग एकमेकांशी काय करतात हे विषयाच्या दडपणाशिवाय पाहता आले. वृत्तांचा सराव करणाऱ्या कवीच्या वह्यांतही बहुधा असाच निर्भाव काळ सापडतो. या टप्प्यापुरते मर्ढेकर पूर्णपणे खरे आहेत : संवाद, विरोध, समतोल यांखेरीज येथे काही नाही. प्रश्न आहे तो या टप्प्यानंतरचा.

५

फेब्रुवारी १८८८ मध्ये व्हॅन गॉग दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे आला. सप्टेंबरात त्याने ‘रात्रीचे कॅफे’ आणि ऑक्टोबरात ‘शयनकक्ष’ हे चित्र रंगवले. सहा आठवड्यांच्या आत झालेली ही दोन चित्रे एकमेकांशेजारी ठेवली म्हणजे आठ वर्षांचे शिक्षण कशात होते हे स्पष्ट होते.

कॅफेच्या चित्राविषयी त्याने लिहिले की, तांबड्या आणि हिरव्याच्या द्वारे माणसाच्या भयंकर वासना व्यक्त करण्याचा त्याने प्रयत्न केला आहे. भिंती रक्तासारख्या तांबड्या, मध्ये हिरवे बिलियर्डचे टेबल, लिंबू-पिवळे दिवे आणि त्यांभोवती नारिंगी-हिरवट प्रभा; सर्वत्र तांबड्या-हिरव्याचा झगडा. हे चित्र ‘बटाटे खाणारी माणसे’ या चित्राशी वेगळ्या प्रकारे समतुल्य आहे, असेही त्याने त्याच पत्रात नोंदवले. हे विधान महत्त्वाचे आहे. दोन्ही चित्रांत रात्र आहे, दिव्याचा उजेड आहे, बसलेली माणसे आहेत. पण पहिल्यात दिवा माणसांना एकत्र बांधतो. दुसऱ्यात कडेच्या टेबलांवर ओणवलेली माणसे एकमेकांपासून तुटलेली आहेत आणि त्यांना तोडण्याचे काम रंग करतो. माणसे झाकली तरी त्या खोलीत बसवत नाही. दुजोरा देणारा रंग आता कर्ता झाला आहे.

येथे संकेतवादी म्हणेल की, तांबडा हा क्षोभाचाच रंग. चित्रकाराने तो ओळखला इतकेच. या आक्षेपाचे उत्तर ‘शयनकक्ष’ देते. या चित्रात रंगाने विश्रांती सुचवावी, चित्र पाहून डोक्याला विसावा मिळावा, अशी त्याची इच्छा होती. या विसाव्यासाठी त्याने योजलेले रंग कोणते? फिकट जांभळ्या भिंती, तांबड्या फरशा, ताज्या लोण्यासारखा पिवळा पलंग आणि खुर्च्या, हिरवट लिंबू रंगाच्या उशा, शेंदरी तांबडे पांघरूण, हिरवी खिडकी, नारिंगी टेबल, निळे पाण्याचे भांडे. गोगॅंला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की, काळ्या चौकटीतल्या आरशात थोडा पांढरा घातला तो विरोधी रंगांची चौथी जोडी साधण्यासाठी. म्हणजे कॅफेत ज्या तांबड्या-हिरव्याने वासनांचा झगडा उभा केला, ती जोडी शयनकक्षातही आहे. इतकेच नव्हे, तर तिच्याबरोबर आणखी तीन विरोधी जोड्या आहेत. विरोध वाढला आहे आणि तरी हेतू शांतीचा आहे.

हे कसे शक्य होते? कॅफेत दोन रंग प्रचंड क्षेत्रांनिशी एकमेकांसमोर उभे आहेत. पिवळा त्यांच्यात मध्यस्थी करत नाही, आंबट प्रकाश होऊन तो त्या संघर्षात तेल ओततो. शयनकक्षात कोणत्याही एका जोडीला सत्ता दिलेली नाही. प्रत्येक रंगाला आपला प्रतिरंग चित्रात कोठेतरी भेटतो. एका जोडीचा ताण दुसरी जोडी सैल करते. कॅफेत दिव्यांभोवतीचे फटकारे उजेडाला अस्वस्थ करतात. शयनकक्षात सावल्या जाणूनबुजून गाळल्या आहेत आणि रंग जपानी ठशांप्रमाणे सपाट, बंदिस्त आकारांत बसवले आहेत. हा समतोल पॅरिसच्या त्या निर्भाव फुलांतून आलेला आहे.

यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक : भाव रंगाला चिकटलेला नसतो, आणि रंगांच्या एखाद्या जोडीलाही चिकटलेला नसतो. क्षेत्र, तेज, पोत, आकार आणि शेजार यांच्या संयोगात तो घडतो. भरताच्या संदर्भातही हा मुद्दा लक्षात घेण्याजोगा आहे. रसांच्या वर्णांची यादी देणाऱ्या त्याच ग्रंथात रसाची निष्पत्ती मात्र विभावादिकांच्या संयोगातून सांगितली आहे. यादी आणि सूत्र यांत विद्यार्थ्याने कशाला प्रमाण मानावे, हे येथे उघड होते. दोन : मर्ढेकरांची लयतत्त्वे या दोन चित्रांतील भेद दाखवण्यासाठी अपरिहार्य आहेत, परंतु तो भेद केवळ लयीचा भेद आहे असे म्हणून थांबता येत नाही. एका खोलीत गुदमरणे आहे, दुसरीत विसावण्याचे आश्वासन आहे. हे लौकिक भाव रचनेवर बाहेरून चढवलेले नाहीत. रचना तशी नसती तर ते नसतेच. संकेतवाद्यांनी भाव आहे हे बरोबर ओळखले, पण त्याची जागा चुकवली. स्वायत्ततावाद्यांनी जागा बरोबर ओळखली, पण तेथे भाव असू शकतो हे नाकारले.

६

या प्रतिपादनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. ‘शयनकक्ष’ शांत आहे हे चित्रकाराच्या पत्रावरून ठरवले जात आहे. अनेक प्रेक्षकांना या चित्रात शांती दिसत नाही. कललेली जमीन, तिरकी भिंत आणि थंड निळाई यांमुळे त्यांना ते अस्वस्थ करते. विम्सॅट आणि बिअर्डस्ली यांनी १९४६ मध्ये हेतुदोषाची संकल्पना मांडल्यानंतर लेखकाच्या पत्रांना न्यायनिवाड्याचा अधिकार देता येत नाही. मग व्हॅन गॉगच्या पत्रांना तो का द्यावा?

या आक्षेपाचे उत्तर अंशतः रसायनात आहे. आज या चित्रातील भिंती आणि दारे निळी दिसतात. व्हॅन गॉग वापरत असलेला एक लालसर लेक रंग उजेडात विटणारा होता. जांभळ्यातील हा तांबडा अंश उडाला आणि भिंत निळी उरली, हे संवर्धकांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. भिंत निळी होताच पलंगाच्या पिवळ्याचा प्रतिरंग नाहीसा झाला. चार जोड्यांपैकी एक मोडली आणि तिने सैल केलेला ताण पुन्हा वर आला. प्रेक्षकाला जाणवणारी थंडी खरी आहे. तिचा कर्ता मात्र व्हॅन गॉग नाही. तिरक्या भिंतीबाबतही असेच काही म्हणता येते, कारण त्या घराचा कोपरा मुळातच काटकोनात नव्हता. तरीही पुष्कळ भाष्यकारांनी या चित्रात चित्रकाराच्या मनोविकाराची चाहूल पाहिली आहे. त्याच्या आजाराचा पहिला मोठा झटका डिसेंबर १८८८ च्या अखेरीस, म्हणजे या चित्रानंतर दोन महिन्यांनी आला.

अशा स्थितीत पत्राचा उपयोग कोणता, हे पाठचिकित्सेच्या परिभाषेत सांगता येईल. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, ती पाठ बिघडले होते म्हणून. अर्थाचा निर्णय त्या शुद्ध पाठापासून सुरू होतो. विटलेले चित्र हे बिघडलेला पाठ आहे. भिंत जांभळी होती हे पत्रातले विधान पाठाचा पुरावा म्हणून स्वीकारावे लागते. चित्रातून विश्रांती मिळते हे विधान मात्र चित्रकाराचा दावा आहे. ते शुद्ध केलेल्या पाठावर तपासूनच मान्य किंवा अमान्य करावे लागते. एकाच पत्रातील दोन विधानांचा हा दर्जाभेद लक्षात घेतला, तर हेतुदोष टाळूनही पत्रे वाचता येतात. चार जोड्यांची मूळ रचना मनाशी उभी केली, तर विसाव्याचा दावा पुष्कळ अंशी सिद्ध होतो असे दिसते. आणि तो सिद्ध होतो पत्रात तसे म्हटले आहे म्हणून नव्हे, तर कॅफेच्या रचनेशी केलेल्या तुलनेत तो टिकतो म्हणून. कलावंताच्या आवाक्यातील पर्यायांमध्ये ठेवून पाहिल्याशिवाय अभिव्यक्तीचा अर्थ लागत नाही, हा गोंब्रिखचा मुद्दा येथे उपयोगी पडतो. ज्याने एकच चित्र पाहिले त्याला हा निर्णय करता येणार नाही.

यापुढचा प्रश्न कॉलिंगवूडने १९३८ मध्ये मांडलेल्या विचाराचा आहे. त्याच्या मते, व्यक्त होण्यापूर्वी कलावंताला आपला भाव कोणता हे नेमके ठाऊक नसते. ठाऊक असलेला भाव ठरलेल्या साधनाने पोहोचवणे हे कारागिराचे काम. व्हॅन गॉग तर शांती, वासना अशी नावे घेऊन बोलतो. मग तो कारागीर ठरतो काय? येथेही शिकण्याचा क्रम निर्णायक ठरतो. वासनांचे नाव असलेले पत्र चित्रासाठी रात्री जागवून झाल्यानंतर लिहिलेले आहे. ‘विश्रांती’ हा शब्द चित्र हातात असताना आला, हे खरे; पण त्या शब्दापासून चार विरोधी जोड्यांपर्यंत जाण्याचा कोणताही ठरलेला मार्ग नव्हता. विश्रांती म्हणताच कोशाने फिकट निळा आणि करडा पुढे केला असता. शेंदरी पांघरुणाच्या शेजारी विसावा सापडतो हे शब्दाला ठाऊक नव्हते. ते कुंचल्याला सापडले. नाव जुने होते, भाव नवा होता.

७

व्हॅन गॉगच्या रंगाला त्याच्या उन्मादाचे फळ मानण्याची प्रथा लोकप्रिय चरित्रकथांनी रूढ केली आहे. आयर्विंग स्टोनच्या १९३४ मधील कादंबरीने ती जगभर पोहोचवली. या प्रथेत वेदना थेट रंग होते. मध्ये काही शिकावे लागत नाही. ज्यांना चित्र शिकायचे आहे त्यांच्यासाठी ही कल्पना घातक आहे, कारण ती दोन चुकीचे मार्ग दाखवते. ज्याला आपल्यात पुरेशी वेदना आढळत नाही तो कोशाकडे वळतो; ज्याला ती आढळते तो कष्टाकडे पाठ फिरवतो. आठ वर्षांच्या उमेदवारीचा इतिहास या दोन्ही मार्गांना छेद देतो. मातीच्या माणसांसाठी मातीचा रंग शोधणारा विद्यार्थी, सोने चौकटीतून चित्रात आणणारा विद्यार्थी आणि भावाला वर्षभर बाजूस ठेवून फुले रंगवणारा विद्यार्थी, हे तिघे नसते तर कॅफेही नसते आणि शयनकक्षही नसता.

साहित्यसमीक्षेला या इतिहासातून घेण्यासारखे काही आहे. शब्द भावनात्मक अर्थ घेऊनच येतो, रंग तसा येत नाही, असे मानून मर्ढेकरांनी या दोन कलांमध्ये सीमारेषा आखली. ‘उदास’ हा शब्द उदासी घेऊन येतो हे खरे. पण ‘उदास’ लिहिलेली प्रत्येक कविता उदास होत नाही, हेही तितकेच खरे. तो शब्द कोणत्या शब्दांच्या शेजारी, किती जागा व्यापून, कोणत्या लयीत आला, यावर त्याचे बळ ठरते. तांबड्याचे बळ ठरते तेही असेच. माध्यमांमधला फरक त्यामुळे पुसला जात नाही. शब्दाला कोश अधिक जवळ असतो आणि म्हणूनच कवीला कोशापासून सुटणे अधिक कठीण जाते. नवख्या कवीच्या संग्रहाविषयी लिहिताना त्यात कोणकोणते भाव आले आहेत याची मोजदाद करण्यापेक्षा, त्याचे सोने अजून चौकटीत आहे की चित्रात आले आहे, हे पाहणे समीक्षेला अधिक उपकारक ठरेल.